८ शेड, ७ पिगमेंट: लिप रेंजसाठी रंग कसे निवडायचे

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं: ८ शेडची लिपस्टिक रेंज काढायची आहे, त्यात ३ न्यूड, एक कोरल, एक खरा लाल, एक गडद गुलाबी, एक वाईन आणि एक ब्राऊन. मेण-तेलाचा बेस तुम्ही स्वतः बसवलाय आणि तो छान जमलाय. सप्लायरकडून २३ पिगमेंटची सॅम्पल आणलीत आणि आता ऑक्साईड (मुख्यतः लोखंडाचे मातकट रंग) घ्यावे, लेक (विरघळणाऱ्या डायपासून केलेले न विरघळणारे रंग) घ्यावे की मायका (चमकेची अभ्रकाची पावडर) यात अडकलात. लाल शेड ओठांवर विटकरी दिसतेय, न्यूड राखाडी दिसतोय, आणि जमलं तर सगळं नॅचरल ठेवायचं मनात आहे. मी गेली १८ वर्षं कलर कॉस्मेटिक्सच्या लॅबमध्ये शेड बसवतोय आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ ओठांच्या प्रॉडक्टवरच गेलाय, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, सावकाश वाचा.

पहिली गोष्ट, "कुठलं पिगमेंट चांगलं" असा प्रश्न घेऊन बसलात तर २३ च्या ४० बाटल्या होतील आणि शेड तरीही बसणार नाहीत. प्रत्येक शेडसाठी वेगळं पिगमेंट शोधायचं नसतं. कमीत कमी अशी कुठली पिगमेंट घेतली की आठही शेड त्यातून निघतील, जिथे जिथे विकायचंय तिथे ती ओठांवर चालतील आणि वर्षभराने नवीन लॉट आला तरी शेड तीच निघेल, हे ठरवायचं असतं. माझा अनुभव सांगतो की तुमच्यासारख्या रेंजला ७ पिगमेंट पुरतात, फार तर आठवं एक लागेल. बाकीची सॅम्पल कपाटात ठेवून द्या.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. फिनिश क्रीमी आहे की मॅट, माल कुठल्या देशात विकणार, व्हेगन असा दावा करणार का, आणि तुमच्याकडे पिगमेंट घोटायला काय साधन आहे. या चार गोष्टींची उत्तरं कागदावर लिहा, कारण पुढे जे सांगतोय त्यातलं अर्धं त्यावरच फिरतं.

सुरुवात परवानगीपासून करू, कारण यात चूक झाली तर बाकी सगळं काम वाया जातं. ओठांवर लावलेलं थोडंथोडं पोटात जातंच, म्हणून ओठांची यादी वेगळी असते आणि "कॉस्मेटिक ग्रेड" एवढं लेबल पुरत नाही. अमेरिकेत अल्ट्रामरीन, क्रोमियम ऑक्साईडचे हिरवे आणि आयर्न ब्लू ही पिगमेंट डोळ्यांभोवती चालतात पण ओठांवर चालत नाहीत, कारण तिथल्या नियमात "बाहेरून लावायचं" या व्याख्येत ओठ येतच नाहीत. युरोपात मात्र हीच तिन्ही ओठांसाठीसुद्धा यादीत आहेत. म्हणजे एका ठिकाणी कायदेशीर असलेली शेड दुसऱ्या ठिकाणी विकताच येणार नाही असं होऊ शकतं. काहींना प्रमाणाची मर्यादा असते, उदाहरणार्थ अमेरिकेत लिप प्रॉडक्टमध्ये डी अँड सी ऑरेंज ५ (रंगांची अशी नंबराची नावं तिथली अधिकृत नावं आहेत) हे जास्तीत जास्त ५ टक्के आणि रेड ३३ हे ३ टक्के. शिवाय तिथे सिंथेटिक ऑरगॅनिक रंगांचा (म्हणजे नैसर्गिक नव्हे, तर रेड ६ सारख्या कार्बनी रसायनांचा) प्रत्येक लॉट एफडीए या तिथल्या सरकारी नियामक संस्थेकडून सर्टिफाय झालेला लागतो, ऑक्साईड आणि मायकाला ते लागत नाही. अमेरिकेत माल पाठवायचा कधी विचार असेल तर सप्लायरकडे त्या लॉटचा सर्टिफिकेशन नंबर आजच मागा, नंतर तो मिळत नाही.

हेवी मेटलचंही इथेच सांगतो, कारण ओठांच्या बाबतीत हा प्रश्न तुम्हाला कुणीतरी विचारणारच. आयर्न ऑक्साईडमध्ये शिसं अल्प प्रमाणात येतं. अमेरिकेच्या नियमात कॉस्मेटिक आयर्न ऑक्साईडला शिसं १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग), आर्सेनिक ३ आणि पारा ३ पीपीएम अशी कमाल मर्यादा आहे. एफडीएने ४०० लिपस्टिक तपासल्या होत्या त्यात शिशाची सरासरी १.११ पीपीएम आली आणि सगळ्यात जास्त ७.१९. म्हणजे नीट ग्रेडचा माल वापरला तर आकडा खाली राहतो. पण त्यासाठी लॉटचा अ‍ॅनालिसिस रिपोर्ट हातात पाहिजे. रंगकामाच्या किंवा सिमेंटमध्ये घालायच्या ऑक्साईडला डोळ्यांनी बघून वेगळं ओळखता येत नाही, तो फरक कागदावरच दिसतो.

आता पिगमेंट. माझी ७ ची यादी अशी: टायटॅनियम डायऑक्साईड (सीआय ७७८९१, सीआय म्हणजे कलर इंडेक्स, रंगाचा ठरलेला क्रमांक), लाल, पिवळं आणि काळं आयर्न ऑक्साईड (७७४९१, ७७४९२, ७७४९९), रेड ७, रेड ६ आणि ब्लू १ चं अ‍ॅल्युमिनियम लेक (४२०९०). आठवं लागलंच तर तुमच्या गडद गुलाबीसाठी रेड ३० (७३३६०) किंवा रेड २८ चं लेक.

ऑक्साईडचं काम घराच्या पायासारखं. उष्णतेला, उजेडाला टिकतात, झाकतात छान, घोटायला त्यातल्या त्यात सोपे आणि एकमेकांत मिसळले की वागणूक अंदाजात राहते. पण त्यांचा रंग मातकटच असतो, त्याला इलाज नाही. लाल ऑक्साईड कितीही वाढवलं तरी ते विटेकडेच जातं, टवटवीत लाल त्यातून कधीच निघत नाही. तुमची लाल शेड विटकरी दिसण्याचं एक कारण तेच असणार, कारण तुम्ही लिहिलंय की रंगाचा मुख्य भाग ऑक्साईडचा आहे. दुसरं कारण घोटाईचं, त्यावर पुढे येतो.

टवटवी येते ती रेड ६ आणि रेड ७ मधून. दोन्ही एकाच कुटुंबातली. रेड ६ ला पिवळसर, केशरीकडे जाणारी झाक आहे आणि रेड ७ ला निळसर. खरा लाल म्हणजे या दोघांचा तोल. रेड ७ जास्त टाकलं की थंड लाल, रेड ६ जास्त की गरम लाल, आणि त्याखाली थोडं लाल ऑक्साईड, म्हणजे शेडला वजन येतं आणि ओठ झाकले जातात, कारण ऑरगॅनिक रंग पारदर्शक असतात. एक सापळा लक्षात ठेवा. युरोपियन लेबलवर दोघांनाही सीआय १५८५० असंच लिहिलं जातं. "१५८५० पाठवा" अशी ऑर्डर दिलीत आणि या वेळी दुसरंच आलं तर तुमचा कोरल गुलाबी होऊन बसेल. ऑर्डरमध्ये नाव, सॉल्ट (रंग कुठल्या धातूचा क्षार आहे ते) आणि सप्लायरचा ग्रेड कोड, तिन्ही लिहा.

लेक या शब्दाबद्दलही गोंधळ असतो. पाण्यात विरघळणारा डाय बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियम हायड्रेटवर बसवून अविद्राव्य केला की त्याला लेक म्हणतात. ब्लू १ आणि यलो ५ ची लेक अशी असतात. तुमचा बेस मेण आणि तेलाचा आहे, पाणी नाही, तिथे ती शांत बसतात. पण उद्या तुम्ही पाणी असलेला लिप टिंट केलात आणि पीएच आम्लाकडे किंवा अल्कलीकडे फार सरकला तर डाय सुटून बाहेर येतो आणि कडेने रंग पसरायला लागतो. तेव्हा स्टिकसाठी बसवलेली पिगमेंट टिंटला जशीच्या तशी चालतील असं धरून चालू नका.

आता न्यूड, कारण खरी परीक्षा तिथे होते आणि तुमच्या तीन शेड त्याच आहेत. राखाडी येण्याचं कारण बहुतेक वेळा टायटॅनियमच असतं. पांढरं पिगमेंट पातळ थरात गडद पृष्ठभागावर बसलं की निळसर राखाडी दिसतं. ओठांचा स्वतःचा रंग गडद असेल तर त्यावर हा परिणाम दुप्पट दिसतो आणि चेहरा आजारी वाटायला लागतो. बरेच जण न्यूड म्हणजे "स्किनचा रंग" असं समजून टायटॅनियम टाकत जातात, मग फार फिकट झालं म्हणून काळं टाकतात, मग फारच मेलं म्हणून लाल. पांढरं अधिक काळं म्हणजे राखाडी, ते वरच्या रंगांखालून डोकं वर काढतंच.

मी न्यूडला उलट्या बाजूने येतो. आधी पिवळं आणि लाल ऑक्साईड एवढ्यानेच ब्राऊनची दिशा ठरवतो, त्यात रेड ७ चा हलका हात देतो म्हणजे ओठ जिवंत दिसतात, आणि टायटॅनियम सगळ्यात शेवटी, गरज पडेल तेवढंच. सुरुवातीला म्हणून आकडे देतो, १०० ग्रॅम तयार मालात: टायटॅनियम २.२, पिवळं ऑक्साईड १.८, लाल ऑक्साईड १.५, रेड ७ ०.६, काळं ०.१. हा मध्यम गुलाबीसर न्यूड. गडद ओठांसाठी याच शेडमध्ये टायटॅनियम १ च्या खाली आणतो आणि लाल ऑक्साईड वाढवतो. तीन न्यूड करायचे तर तीन्ही एकाच ओठांवर फिकटपासून गडद अशी शिडी करू नका, वेगवेगळ्या रंगाच्या ओठांसाठी एकेक न्यूड करा आणि किमान तीन-चार वेगळ्या ओठांवर लावून बघा. हातावर लावून बघितलेला न्यूड मी धरत नाही.

वाईनचं उलट. तिथे लोक गडदपणा काळ्या ऑक्साईडमधून आणायला जातात आणि शेड गदळ होते, लालातला जीव जातो. काळ्याऐवजी ब्लू १ लेकचा अगदी थोडा हात द्या. रेड ७ ३, लाल ऑक्साईड २, ब्लू १ लेक ०.२५, काळं फक्त ०.१५, इथून सुरुवात करा. ब्लू १ फार ताकदीचं आहे, ०.०५ इकडेतिकडे झालं तरी शेड जांभळी होते, म्हणून ते सुटं वजन करून टाकू नका, आधी एरंडेलात त्याचं १० टक्क्यांचं डिस्पर्शन (तेलात घोटून एकजीव केलेलं मिश्रण) करा आणि ते मोजा. २५ ग्रॅमच्या ट्रायलमध्ये ०.०६ ग्रॅम पावडर मोजण्यापेक्षा ०.६ ग्रॅम डिस्पर्शन मोजणं कितीतरी भरवशाचं.

ब्राऊन आणि कोरल सोपे आहेत. ब्राऊन ऑक्साईडमध्येच निघतो. कोरल म्हणजे रेड ६, टायटॅनियम आणि थोडं पिवळं ऑक्साईड, ते फार मातट वाटलं तर पिवळ्या ऑक्साईडऐवजी यलो ५ लेक.

गडद गुलाबीला जरा थांबा. सप्लायरने तुम्हाला रेड २७ आणि रेड २१ नक्की दिली असतील, झगझगीत दिसतात. ही ओठांना डाग देणारी आहेत. ओठांच्या ओलाव्याने आणि पीएचने त्यांचा रंग फुलतो, रंग बदलणाऱ्या लिप बामचं गुपित तेच आहे. जिथे डाग राहावा असं वाटतं तिथे उत्तम, पण मिश्रणात लपवून टाकलीत तर फसवतात. मी सुरुवातीच्या काळात एका न्यूडला ऊब यावी म्हणून रेड २७ जेमतेम ०.१ टक्का टाकलं होतं. लावल्यावर शेड सुंदर, सगळ्यांना पसंत. वापरून बघणाऱ्या बाईंनी संध्याकाळी फोटो पाठवला, वरचा न्यूड पुसला गेला होता आणि ओठांच्या रेघांमध्ये गर्द गुलाबी उरला होता. लावताना जी शेड विकत घेतली ती पुसल्यावर तीच राहत नाही, हे त्या फोटोवरून मला कायमचं कळलं. तेव्हापासून प्रत्येक शेड मी लावल्यावर, २ तासांनी आणि पुसल्यावर अशी तीनदा बघतो. शिवाय या कुटुंबातले रंग उजेडात तुलनेने लवकर उतरतात. म्हणून स्टिकमधल्या गुलाबीसाठी माझी पहिली पसंती रेड ३० आणि रेड ७ यांच्या जोडीला, रेड ३० उजेडाला चांगलं टिकतं. रेड २८ लेकने जास्त पेटलेला गुलाबी मिळतो, पण मग पॅकिंग पारदर्शक ठेवू नका.

मायकाबद्दल तुमच्या मनात जे आहे ते थोडं बदला. मोतिया मायका हे रंगाचं साधन म्हणून घेऊ नका, तो चमकेचा थर आहे. अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यावर टायटॅनियम किंवा आयर्न ऑक्साईडचा लेप, चमक त्या थरांमधल्या प्रकाशाच्या खेळातून येते. साधारण ५ ते २५ मायक्रॉनचे कण रेशमी दिसतात, त्याहून मोठे लुकलुकतात. फक्त मायकावर शेड उभी केलीत तर कांडीत भरपूर रंग दिसतो आणि ओठांवर नुसती झिलई राहते. तो शेवटी, हलक्या हाताने ढवळून घालायचा, मिलमध्ये किंवा हाय शीअरखाली (जोरात घुसळणाऱ्या यंत्रात) घातलात तर पापुद्रे तुटतात आणि चमक मरते. रंगीत मायका घेताना त्याच्या आत काय आहे ते बघा. मला एकदा एका सप्लायरने "मॉव्ह पर्ल, सगळीकडे चालतं" म्हणून दिला होता, घटकांच्या कागदावर तिसऱ्या ओळीत ७७००७ म्हणजे अल्ट्रामरीन निघालं. तोपर्यंत शेड मंजूर झाली होती आणि माल अमेरिकेत जायचा होता. ती शेड मॅंगनीज व्हायोलेट (७७७४२) घेऊन पहिल्यापासून बसवावी लागली, जे तिथे ओठांवर चालतं. साबणासाठी विकल्या जाणाऱ्या रंगीत मायकात तर अल्ट्रामरीन आणि क्रोमियमचे हिरवे सर्रास असतात.

नॅचरलचं मन आहे तर आयर्न ऑक्साईड खनिज रंग म्हणून घ्या, पण ग्राहकाला खरं सांगा की कॉस्मेटिकसाठी वापरले जाणारे ऑक्साईड कारखान्यात बनवलेले असतात, शुद्धतेसाठी तेच चांगलं आहे. बीट, रतनजोतीची मुळं वगैरेंचा विचार स्टिकसाठी सोडून द्या असं मी मनापासून सांगतो. बीटचा रंग पाण्यात विरघळतो, तेलात तो बसतच नाही, गरम केलं की उतरतो, उजेडात फिका पडतो, आणि अमेरिकेच्या कॉस्मेटिक यादीत तो नाहीच. अ‍ॅनॅटो तेलात जातो आणि यादीतही आहे, पण केशरीच आणि उजेडाला कच्चा. खरोखर टवटवीत लाल देणारा नैसर्गिक रंग एकच, कार्माईन (७५४७०). फार सुंदर खोल लाल देतो, पण तो कोचिनील किड्यापासून येतो, म्हणजे व्हेगन दावा गेला, काहींना त्याची तीव्र अ‍ॅलर्जी असते आणि लेबलवर त्याचं नाव स्पष्ट लिहावं लागतं. हा निर्णय तुम्हीच घ्यायचा आहे, पण अर्धवट नको. व्हेगन म्हणायचं असेल तर रेड ६ आणि ७ हाच मार्ग, आणि मग "सगळं नॅचरल" हे वाक्य पाकिटावर नको.

आता घोटाई, ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण तुमच्या प्रश्नात ती कुठेच नाही आणि माझ्या मते तुमचा अर्धा त्रास तिथेच आहे. तुम्ही लिहिलंय की वितळलेल्या बेसमध्ये पावडर टाकून हँड ब्लेंडर फिरवला. पिगमेंटच्या पावडरीतले कण मुळात खूप बारीक असतात पण ते एकमेकांना चिकटून गोळे झालेले असतात. ते गोळे फोडून प्रत्येक कणाला तेल लागलं तरच रंगाची पूर्ण ताकद बाहेर येते. ऑक्साईड त्यातल्या त्यात पटकन फुटतात, रेड ७ सारखे ऑरगॅनिक हट्टी असतात. म्हणजे नीट घोटलं नाही तर मिश्रणात ऑक्साईड आपला पूर्ण रंग देतं आणि रेड ७ अर्धाच, आणि शेड आपोआप विटकरीकडे झुकते. तुमचा लाल विटकरी दिसण्याचं दुसरं कारण हे. वर तुम्ही रेड ७ वाढवत गेलात तर खर्च वाढतो आणि कांडी कोरडी पडते, रंग मात्र तेवढा येत नाही.

एक साधी तपासणी करा. तुमच्या तयार लाल स्टिकचा मुगाएवढा तुकडा दोन काचेच्या पट्ट्यांमध्ये ठेवून घट्ट दाबा आणि खिडकीकडे धरून बघा. एकसारखा रंग दिसला तर ठीक. गडद ठिपके दिसले तर ते न फुटलेले गोळे. माझ्याकडे एक बॅच अशी आली होती की साच्यातून निघालेल्या कांड्या गुळगुळीत, चकचकीत, कुणालाही संशय येणार नाही, पण पांढऱ्या कागदावर ओढल्या की प्रत्येक रेघेत एखादा गडद ठिपका आणि त्याच्यामागे शेपटी, धूमकेतूसारखी. तो ठिपका ओठांवर दाताला लागतो, लोकांना खरखरीत वाटतं आणि ते परत ती लिपस्टिक घेत नाहीत.

योग्य पद्धत अशी की प्रत्येक पिगमेंटचं एरंडेल तेलात वेगळं डिस्पर्शन करायचं. एरंडेल का, तर त्यातल्या रिसिनोलिक आम्लाच्या हायड्रॉक्सिल गटामुळे ते पिगमेंटला इतर बऱ्याच तेलांपेक्षा चांगलं भिजवतं. टायटॅनियम आणि ऑक्साईड साधारण ५० टक्क्यांपर्यंत भरता येतात, रेड ६, ७ वगैरे ३० च्या आसपास, कारण ते जास्त तेल पितात. थोडं पॉलिहायड्रॉक्सीस्टीअरिक अ‍ॅसिड घातलं तर डिस्पर्शन पातळ राहतं आणि कण परत गोळा होत नाहीत. मग तीन रोलच्या मिलमधून दोन-तीन वेळा. ग्राईंड गेजवर (कणांचा बारीकपणा मोजायच्या पट्टीवर) २० मायक्रॉनच्या आत आल्याशिवाय मी पुढे जात नाही. तुमच्याकडे मिल नसणार हे धरून सांगतो: ऑक्साईड आणि टायटॅनियम काचेच्या पाटीवर मलरने (सपाट बुडाच्या काचेच्या बत्त्याने) घोटून जमतात, हात दुखतात पण जमतात. ऑरगॅनिक रंग मात्र एरंडेलात आधीच मिल केलेले विकत घ्या. सुट्या पावडरीपेक्षा महाग पडतात, पण तुमच्या पातळीवर हा पैसा सगळ्यात योग्य जागी लागतो. ट्रीटमेंट केलेली पिगमेंट मिळाली, म्हणजे ज्यांच्या कणांवर ट्रायइथॉक्सीकॅप्रिलिलसिलेनसारखा लेप असतो, तर ती तेलात आणखी सहज बसतात. पण सगळी घ्या किंवा एकही नको, अर्धी ट्रीट केलेली आणि अर्धी साधी अशी घेतली तर वितळलेल्या मालात रंग वेगळे होऊन रेघा पडू शकतात.

आणि एक हिशेब, जो नवीन माणूस हमखास विसरतो. डिस्पर्शनबरोबर तेलही येतं. समजा शेडमध्ये रेड ७ ४ टक्के पाहिजे आणि डिस्पर्शन ३० टक्क्यांचं आहे, तर १०० ग्रॅम मालात १३.३ ग्रॅम डिस्पर्शन जाईल, म्हणजे ९.३ ग्रॅम एरंडेल फुकटात आत आलं. तेवढं बेसमधल्या तेलातून कमी केलं नाही तर लाल कांडी मऊ पडेल आणि टायटॅनियमची न्यूड कांडी त्याच बेसमध्ये टणक राहील. मग तुम्ही मेणाला दोष देत बसाल. आठही शेडमध्ये एकूण एरंडेल समान येईल असा बेस आखा, उरलेलं एरंडेल शेवटी भरा. आत्तापर्यंतचं एका दमात: आधी विकण्याची ठिकाणं ठरवा, ७ पिगमेंटवर या, त्यांची डिस्पर्शन करा, आणि बेस एरंडेलाचा हिशेब धरून पुन्हा लिहा.

किती भरायचं हे फिनिशवर. पारदर्शक टिंट असलेल्या स्टिकला १ ते ३ टक्के, क्रीमीला ५ ते १०, मॅट लिक्विडला १० च्या पुढे. तुमचं फिनिश क्रीमी असेल तर ५ ते ७ च्या दरम्यान सुरू करा. त्यापुढे प्रत्येक टक्क्याला ओठांवर ओढताना फरक जाणवतो, टायटॅनियमने ओढ वाढते, ऑरगॅनिकने कोरडेपणा.

टेस्टिंगवर थोडक्यात. प्रत्येक शेडच्या कांड्या ४५ अंशांवर १२ आठवडे, काही फ्रीजमध्ये, आणि एक खिडकीत उन्हाला, अर्धी फॉईलमध्ये गुंडाळून. महिन्याने फॉईल काढलं की कुठला रंग उतरतोय ते एका नजरेत कळतं. माल वितळवून ८० अंशांवर तासभर न ढवळता ठेवा आणि वरचा-खालचा रंग बघा, टायटॅनियम जड असल्यामुळे खाली बसतं आणि भरताना शेवटच्या कांड्या पहिल्यांपेक्षा फिकट निघतात. शेड मंजूर करताना दिवसाच्या उजेडात आणि पिवळ्या बल्बखाली दोन्हीकडे बघा, दोन वेगळ्या पिगमेंटच्या जोडीने बसवलेली तीच शेड एका उजेडात जुळते आणि दुसऱ्यात वेगळी पडते. म्हणूनच सप्लायरने "याऐवजी हे घ्या, सेम आहे" म्हटलं तरी नवीन लॉट जुन्या डिस्पर्शनशेजारी कागदावर ओढून बघितल्याशिवाय वापरू नका. प्रत्येक डिस्पर्शनचे १० ग्रॅम बाजूला ठेवा, बाटलीवर लॉट आणि तारीख. माझ्याकडे काही बाटल्या ६ वर्षांपूर्वीच्या आहेत आणि त्यांनी मला कित्येक वेळा वाचवलंय.

पुढचं पाऊल म्हणून आठही शेड एकदम हातात घेऊ नका. वाईन, कोरल आणि मधला न्यूड एवढ्या तीनच करा, या तिघांत सातही पिगमेंट येऊन जातात आणि काय बिघडतंय ते लगेच दिसतं. दोन काचांची तपासणी मात्र आजच, जुन्या लाल कांडीवर. त्यात ठिपके दिसले की नाही, आणि तुमच्या बेसमध्ये आत्ता एरंडेल किती टक्के आहे, एवढं कळवा, मग लालाचे आकडे तुमच्या बेसवर बसवून देतो.